हाडांचा रिपोर्ट

यांच्या बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला असं आमच्या गावातल्या माधव नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे खिडकीबाहेर बघत होते. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, एवढंही मला साठीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आजार ग्रंथीतच असेल तर इंदूरला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बरा होऊ शकतो. हाडांत गेला असेल तर मुळापासून जाणार नाही. सगळं त्या एका प्रश्नावर अडलं.

रक्त तपासलं. पी.एस.ए., म्हणजे त्या ग्रंथीच्या आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, फारसा वाढलेला नव्हता. पण अल्कलाइन फॉस्फेटेज चांगलंच वाढलं होतं. मोडलेलं हाड जुळताना नवी घडण चालली की हे वाढतं आणि कॅन्सर हाडात शिरला तरी वाढतं. डॉक्टरांनी विचारलं, मध्यंतरी कुठे पडलात, हाड मोडलं? हे ठामपणे नाही म्हणाले. मग इंदूरच्या बड्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं.

आमच्या देवास गेटच्या स्टँडवरून इंदूरची बस धरली. बस उसळली की हे डावी कूस दाबून कण्हत. हाडांतच गेलाय, माझी खात्री झाली आणि चारचौघांत मला रडू फुटलं. तेव्हा कुठे यांनी तोंड उघडलं.

"रडू नकोस गं. संक्रांतीला मी टाकीवरून पडलो होतो."

मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात. इकडे बँकेतून रिटायर झालेले हे गृहस्थ पतंगाचे पेच लढवायला पाण्याच्या टाकीवर चढले! आमच्याकडे हाड बसवायला पहलवानाकडे जातात. हेही गेले, त्यानं लेप लावून पट्टा बांधला. रोज एस.टी.डी. बूथवरून मला फोन करायचे, पण चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांपुढे खोटं बोलले, कारण शेजारच्या खुर्चीत मी होते. अस्सा संताप आला!

इंदूरला काढलेल्या एक्स-रेत मोडून जुळत आलेल्या तीन बरगड्या दिसल्या. तरी खात्रीसाठी तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवून बोन स्कॅन, म्हणजे सगळ्या हाडांची तपासणी, करवून घेतला. त्या तीन बरगड्या सोडून कुठे काही नव्हतं.

"भाभीजी, कॅन्सर हड्डी में नहीं गया। अब इलाज करेंगे।" इंदूरचे डॉक्टर म्हणाले.

मी तिथेच ढसाढसा रडले. शेक झाले, पी.एस.ए.चा आकडाही हळूहळू उतरला. हे आता बरे आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि माझ्यासारख्या बायकांना वेगळं सांगते. कॅन्सरच्या तपासणीतही यांना माझ्या रागावण्याची धास्ती जास्त वाटली, हे मला फार लागलं. आता डॉक्टर यांना विचारायला लागले की मी आपणहून उठते आणि बाहेर जाऊन बसते.