बावीस सिक्वोया

ह्यांना अमेरिकेत एकच गोष्ट पाहायची होती, सिक्वोयाच्या प्रचंड, जुन्या झाडांची एक छोटी राई. मोठ्या उद्यानातली नव्हे, तिथे बसगाड्या भरून माणसं जातात. ही आडबाजूला, डोंगरात, जेमतेम बावीस झाडांची. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या माणसाला झाडांचं वेड होतं. इथे, पेरुंगुडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी वाटेचा नकाशा स्वतः कागदावर काढला होता.

आम्ही अमेरिकेत लेकाकडे गेलो तेव्हा त्याने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "बाबा, सहा तास ड्राइव्ह, वर चालायचं, फोनला रेंज नाही. पुढच्या वेळी नक्की." आणि आम्हाला मॉलमध्ये नेलं. तीन वेळा. ह्यांनी कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. मी तेव्हा लेकाचीच बाजू घेतली, ते अजून टोचतं.

पुढची वेळ आलीच नाही. वर्षभरात हे गेले. दहाव्याला समुद्रकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. एरवी शेजारीण जेवणाआधी गॅलरीत भात ठेवते तेव्हा कावळे कठडाभर असतात. "दादाचं काहीतरी राहिलंय," दीर म्हणाले, आणि मला सांभाळायचा शब्द देऊन मोकळे झाले. काही उपयोग नाही. गुरुजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला लागले. तोच पिंडाला टेकवला की काम भागतं. तेवढ्यात लेक हात जोडून पुढे झाला. "बाबा, आईला मी त्या झाडांपाशी नेईन." कावळा आला. मी रडले, आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं.

त्याला चार वर्षं झाली. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याला काम होतं. गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. ऑफिसातले मित्र, तंबू, मागे ती लालसर, अवाढव्य खोडं. खाली लिहिलेलं, "बाबांची इच्छा पूर्ण केली." नातेवाइकांनी हात जोडले, फुलं टाकली. आई कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, पाहिलास ना फोटो?"

"पाहिला. झाडं छान आहेत," मी म्हणाले. "आता एवढं लक्षात ठेव. माझ्या दहाव्याला काही बोलू नकोस. गुरुजींना सरळ दर्भाचा कावळा करायला सांग."