लाल चिठ्ठीची बारूद

कडुबा मूळचा पिशोरचा, पण त्याची एकोणीस वर्षं शहागंजातल्या नानच्या भट्टीपुढं गेली. हाताची पालथी बाजू धरून भट्टीचा ताव सांगणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. भट्टी बंद पडली तेव्हा याच गुणावर त्याला शहराबाहेरच्या काडतुसांच्या कारखान्यात घेतलं. काम एकच, गरम पेटी सांभाळायची.

रायफलीच्या काडतुसात भरायची बारूद उन्हाळ्यात पिसाळते. थंडीत गोळीला जेवढा धक्का देते, त्याहून कितीतरी जोराचा धक्का तीच बारूद वैशाखात देते. म्हणून नव्या बारुदीची थोडी काडतुसं आधी हातानं, एकेक तोलून भरायची. काही थंड पेटीत, काही गरम पेटीत रात्रभर ठेवायची आणि सकाळी उडवून गोळीचा वेग मोजायचा. दोन्हीकडचा वेग जवळपास सारखा आला तर बारूद पास. गरम पेटीतलं काडतूस बाहेर काढल्यापासून दोन मिनिटांत उडालं पाहिजे, नाहीतर ते निवतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. हा नियम कडुबाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. निवलेल्या नानचं चामडं होताना त्यानं जन्मभर पाहिलं होतं.

वेग मोजताना रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून, भिंतीआडून दोरीनं घोडा ओढतात. शेवटी मात्र एका माणसाला रायफल खांद्याला लावून, गाल टेकवून गोळी झाडावी लागते. तीन वर्षांपूर्वी त्या जागेवर हर्सूलचा अतुल बसायचा. हिवाळ्यात घाईघाईनं पास केलेली बारूद मे महिन्यात त्याच्या तोंडाशी फुटली आणि उजवा डोळा गेला. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं आलं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून कडुबानं सही केली होती. घरी येऊन त्यानं बायकोला, लीलाबाईला सांगितलं, तर ती ताट वाढता वाढता एवढंच म्हणाली, "त्या लेकराची आई भेटली तर तिला काय तोंड दावताल?" त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या सहीची शिसारी होती.

आता खांद्यावरच्या जागेला गोकुळ होता. पैठणकडचा, पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. आणि सगळ्यांच्या वर सुदर्शनसाहेब होते. हा गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी होता. एसीच्या खोलीतून बाहेर आला की रुमालानं मान पुसायचा आणि उन्हाळ्यावर असा रागवायचा, जसा काही तो कारखान्याचा नोकर आहे.

यंदा निवडीला तीन बारुदी होत्या, निळ्या, पिवळ्या आणि लाल चिठ्ठीची. निळी संथ होती. नेम जरा फाकायचा, पण थंड काय नि गरम काय, तिचा वेग हलत नव्हता. लाल चिठ्ठीची मात्र देखणी. गार खोलीत निशाणाच्या कागदावर तिच्या पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची. साहेब त्या कागदावर भाळले होते. कडुबा सांगून थकला होता, "साहेब, गरम पेटीतून काढली की ही नाय ऐकत. लई उसळती." साहेब म्हणायचे, "पाहुण्यांसमोर घेऊ ना चाचणी, मग कळेल."

मे महिन्यात फौजेसाठी माल घेणारे पाहुणे आले. साहेबांनी गरम पेटीतला लाल चिठ्ठीचा अर्धा ट्रे आधीच काढायला लावला, पाहुण्यांना दिसावा म्हणून. मग नारळ फुटला. शाली झाल्या. कुणाचा फोटो डोळे मिटलेले आला म्हणून परत काढला. साहेबांनी बारुदीचं कौतुक इतकं लांबवलं की कडुबानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघणं सोडून दिलं. पाऊण तास ट्रे एसीच्या झोताखाली पडून होता. त्यानं एक काडतूस हाताच्या पालथ्या बाजूला लावलं, तर ते माठाच्या बुडासारखं गार.

"साहेब, हे निवलं," तो पुढं होऊन म्हणाला.

"कडुबा, वेग मशीन मोजतं, तुमचा हात नाही," साहेब हसत म्हणाले. पाहुणेही हसले.

दोरी ओढली. वेग थंड पेटीतल्या काडतुसांएवढाच आला. येणारच! गरम म्हणून निवलेलं उडवलं की फरक कुठून दिसणार? टाळ्या झाल्या. पी हळद नि हो गोरी! शिकलेली, चष्मे लावलेली माणसं एवढं साधं खोटं डोळ्यांदेखत गिळतात आणि वर टाळ्या वाजवतात, याची कडुबाला मनापासून किळस आली.

पाहुणे जेवायला गेल्यावर साहेब नोंदवही घेऊन आले. "साक्षीदाराच्या रकान्यात सही करा. आणि गोकुळ, खांद्यावरच्या पाच गोळ्या उरकून घे. गरम पेटीत उरल्यात त्याच घे. चारच्या आत कागद गेला पाहिजे."

गोकुळ मुकाट्यानं रायफलीमागच्या खुर्चीत जाऊन बसला. कडुबानं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"ऊठ रे. आज साहेब बसत्यात."

"म्हंजे?" गोकुळ बावचळला.

"साहेब, बारूद पास हाये ना? मशीन बोललं ना? मग बसा. म्या पेटीतून काडतूस काढून देतो. गाल टेकवा अन् झाडा. तुमच्याम्होरं लगेच सही करतो."

साहेबांनी खुर्चीकडं पाहिलं, मग गरम पेटीच्या काट्याकडं. रुमाल काढला. "हे माझं काम नाही."

"गोकुळचं हाये, व्हय?"

साहेबांनी मान पुसली. मग म्हणाले, "ठीक आहे, दोरीनं ओढा एक." आणि स्वतः आधी भिंतीआड गेले.

कडुबानं पेटीतलं काडतूस भरलं, मागं आला, दोरी ओढली. आवाजच वेगळा आला. जाऊन बघतात तर नळीचं बूड बंद करणारा बोल्ट हलेना. गोकुळनं लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून तो उघडला. काडतुसाचं पितळी बूड पसरलेलं, ठिणगी देणारी टोपी निखळून पडलेली. गोकुळनं ते रिकामं नळकांडं हातात घेतलं आणि मग त्याचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडं गेला.

साहेब म्हणाले, "ही काही अधिकृत चाचणी नव्हती. वहीत घ्यायची गरज नाही. फार तर खोक्यावर छापू, थंड जागी ठेवावे."

"अन् जवान कुठं ठेवायचा, साहेब?" कडुबानं विचारलं. "त्यालाबी थंड जागी ठेवायचा का?"

साहेबांनी नोंदवही त्याच्यापुढं सरकवली. या माणसाला सगळं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तो खुर्चीत बसला नव्हता, आणि तरीही सही मागत होता. अज्ञान परवडलं, असं कडुबाला वाटलं. त्यानं नोंदवही ओढून घेतली. पानांवर छापील आकडे असल्यानं एखादं पान फाडायची सोय नव्हती. भट्टीवरच्या माणसाचं अक्षर, त्याला वेळ लागला. गोकुळ खांद्यावरून वाचत होता, साहेब दोनदा "कडुबा, विचार करा" म्हणाले. त्यानं लिहून पूर्ण केलं आणि खाली सही ठोकली.

'लाल चिठ्ठीचं गरम काडतूस दोरीनं उडवलं, बोल्ट अडकला. खांद्यावरून उडवायला सुदर्शनसाहेबांना खुर्ची दिली होती. साहेब बसले नाहीत. सबब बारूद नापास.'