पेजवाली काकी

पेजवाली काकी घरात शिरली की आजाऱ्याकडे नाही, आधी चुलीकडे बघायची. बा खोकत होता त्या पावसाळ्यात आमची चूल बऱ्याचदा थंडच असायची. बाला उभं राहवत नव्हतं, भाताची आवणी, चिखलात रोपं लावायचं काम, आईने एकटीने उरकली. शेजारचे अंगणातूनच विचारपूस करून परत जायचे. बाचा पेलासुद्धा आम्ही वेगळा ठेवला होता.

काकी आमच्या पाड्याची आशा कार्यकर्ती. पोशेऱ्याच्या बाजूला डोंगरात आमचा पाडा. मोखाड्याच्या दवाखान्यात बाची थुंकी तपासली, टीबी निघाला. साध्या गोळ्यांनी बरा होणारा होता, तेवढंच बरं. पण गोळ्या सहा महिने, रोज, आणि काकीच्या डोळ्यांसमोर घ्यायच्या. उपाशीपोटी बाला मळमळायचं, म्हणून ती पदराखाली झाकून नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज आणायची. "आधी पेज, मग गोळी." गोळी गिळली की, "आ करा, भाऊजी." आणि माझा बा, ज्याला पाड्यात कुणी उलटून बोलत नसे, तो शहाण्या पोरासारखा तोंड उघडायचा.

तो वेगळा पेला तिने पहिल्याच दिवशी उचलून आमच्या पेल्यांत ठेवला. "भांड्यानं नाय पसरत हा, खोकल्यानं पसरतो. तोंडाला फडकं धरा नि बाहेर वाऱ्याला बसा." पुढे दोन दिवसांनी बाला लघवी लाल झाली. तो अंगणातूनच ओरडला. "वहिनी, रक्त चाललं माझं!" काकी पोट धरून हसली. "गोळीचा रंग हाय तो. आता गोळी चोरलीत तर मला लगेच कळंल."

दिवाळीपर्यंत खोकला थांबला. अंगावर मांस चढलं. आणि आमच्याकडे सगळे करतात तेच बाने केलं: खोकला गेला म्हणजे आजार गेला, असं ठरवून टाकलं. भात कापून झालं होतं, पाडा वीटभट्टीला निघाला होता. बानेही बोचकं बांधलं. मी तेव्हा आश्रमशाळेत आठवीला. भाकऱ्या थापायला मलाही नेणार होते. गेलेली पोर पुन्हा शाळेत बसत नाही, हे मला पाड्यातल्या मोठ्या मुलींकडे बघून माहीत होतं.

टेम्पो उभा होता तिथे काकी आली.

"भात हिरवा असताना कापता का, भाऊजी?"

"खोकला नाय आता. बरा झालो मी."

"खोकला गेला, आजार दडून बसलाय. अर्ध्यात सोडाल तर पुन्हा उठंल, नि मग या गोळ्यांना ऐकायचा नाय."

"मग खायचं काय, वहिनी?"

काकीने गोळ्यांची पाकिटं त्याच्या बोचक्यात खोचली. मग म्हणाली, "जावा. पण गोळ्या घेऊन जावा. संपल्या की तिथल्या दवाखान्यात मिळतील, मी सांगून ठेवते. नि पोरीला आश्रमशाळेतच राहू द्या."

टेम्पो मला न घेताच गेला. पाड्यात मोबाइलला रेंज नव्हती. काकी रोज सकाळी मागची टेकडी चढायची आणि भट्टीवरच्या मुकादमाला फोन लावायची. आई अजून सांगते, "वहिनी फोनवर विचारायची, पेज झाली? गोळी झाली? मग म्हणायची, आ करा. नि हे खरंच फोनसमोर तोंड उघडून उभे! सारी भट्टी हसायची." मुकादम चिडवायचा, "अरे, तिला काय दिसतंय तिकडून?" बा म्हणायचा, "तिला दिसतं."

होळीला सगळे घरी आले. शेवटची तपासणी झाली, थुंकी साफ निघाली. काकीने बातमी ऐकली आणि पहिल्यांदा आमच्याकडे पेज मागितली. पेटत्या चुलीपाशी बसून दोन वाट्या प्यायली.

मी जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. निकाल सांगायला गेले तेव्हा काकी ओसरीवर नागली निवडत होती. "आ कर," म्हणाली, आणि तोंडात गूळ घातला.

गेल्या पावसाळ्यात काकी तापाने गेली. आता मी सुट्टीला आले की सकाळी नजर आपोआप टेकडीकडे जाते. तिथे कुणी नसतं.

आमचं स्मशान टेकडीपलीकडे आहे. काकी गेली त्या दिवशी वाट निसरडी होती, चढ खडा. बाने खांदा दिला. पोरं म्हणाली, "काका, आता आम्हाला द्या." त्याने खांदा सोडला नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बाने तिला नेलं, आणि एकदाही खोकला नाही.