गुलाबाला बांधलेले नवस

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कुंदा दामल्यांचं तळमजल्याचं घर आहे. पुढे छोटी बाग, तिला कमरेएवढी भिंत आणि भिंतीलगत एक इंग्लिश झुडपी गुलाब. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेला. इथली हवा त्याला मानवत नाही. मे महिन्यात कळ्या उमलण्याआधी करपतात, पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून फांद्या बोडक्या होतात.

कुंदाताईंनी एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, या गुलाबाचा गावठी गुलाबाशी संकर करायचा आणि इथं तग धरेल असं झाड बियांपासून वाढवायचं. थंडीत कळी उमलायच्या आत सोलायची, चिमट्यानं पुंकेसर काढायचे, ब्रशनं गावठी गुलाबाचे पराग लावायचे. जमलं तर फळ धरतं. दोन हिवाळे सगळी फळं पिकण्याआधी गळाली. यंदा पाच धरली, त्यातली चार गेली. उरलेलं एक बोराएवढं झालं होतं आणि पिकायला उन्हाळा उजाडणार होता.

खारी फळं कुरतडतात, म्हणून त्यांनी प्रत्येकावर कापडाची पुरचुंडी बांधली होती. कापड नणंदेनं, मायानं दिलेलं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तिचं शिवणकामाचं वर्कशॉप आहे, तिथलं उरलेलं लाल अस्तर. गळालेल्या फळांच्या पुरचुंड्या सोडायच्या राहून गेल्या. देवळाच्या वाटेवर, झाडाला गाठ मारलेलं लाल कापड लोंबताना पाहून लोक काय समजतील, हे कुंदाताईंच्या डोक्यातच आलं नाही.

महाशिवरात्रीला दर्शनाची रांग सकाळीच त्यांच्या भिंतीपाशी आली. कुंदाताई आत भगर शिजवत होत्या. बाहेर आल्या तेव्हा झाडाला चिंध्या, दोरे, लाल कापडात बांधलेल्या सुपाऱ्या आणि एक नारळ लटकत होता. बुंध्याशी दूध आणि हळदकुंकू. लोक भिंतीवरून हात घालून नवस बांधत होते. फळाची फांदी रस्त्याच्या बाजूची, त्यामुळे सगळ्यात जास्त भार तिच्यावर. ती वाकून भिंतीला टेकली होती आणि खोडापाशी साल फाटून आतलं पांढरं दिसत होतं.

हे देवाचं झाड नाही, असं त्या रांगेला सांगत सुटल्या. काहींनी हात मागे घेतले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "हिचं काम झालं वाटतं. आता दुसऱ्याचं व्हायला नको."

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून आलेली बनूबाई सुनेला मूल व्हावं म्हणून त्याच फांदीला गाठ मारत होती. कुंदाताईंनी तिचा हात धरला.

"मावशी, इथं देव नाही. बी हवंय म्हणून मी बांधलंय ते."

"मंग तू पन मागनंच बांदलंयस ना, बाय?"

रांगेत हशा पिकला. कुंदाताईंनी फाटलेली साल दाखवली. बनूबाईनं ती बोटानं चाचपली, आपली गाठ सोडली आणि फाटकाच्या गजाला बांधली. जवळ उभ्या असलेल्यांनाही तिनं तसंच करायला लावलं. पण नारळवाला आणि बरेच जण पुढे निघून गेले होते. दुसऱ्याची गाठ सोडायला बनूबाई तयार होईना. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, असं तिचं म्हणणं.

कुंदाताईंनी नवऱ्याला कात्री आणायला सांगितली. मधुकररावांनी आणली, पण हातात देईनात. गर्दी ओसरल्यावर बघू, आत्ता दार लावून घेऊ, असं ते दबक्या आवाजात सांगत राहिले. भेग वाढत होती. कुंदाताईंनी कात्री काढून घेतली.

रांगेतला एक तरुण मोबाईल वर धरून म्हणाला, "आंटी, देवाची चीज आहे. हात नका लावू. पब्लिक भडकेल."

त्यांनी पहिली चिंधी कापली. मागून कुणीतरी शिवी दिली. चिंध्या आणि दोरे निघाले, मग मात्र हात थांबला. उरलेल्या पुरचुंड्या सारख्याच लाल होत्या आणि हाताला सुपारीही टणक लागत होती, फळही. चुकून देठ कापला तर तिसरा हिवाळाही वाया. त्या भिंतीपाशी गुडघ्यावर बसल्या. प्रत्येक पुरचुंडीत खालून देठ शिरलाय का ते बोटांनी पाहायचं, मग कापायचं. कापलेलं काही जमिनीवर पडू न देता त्या घरातून मागवलेल्या ताटात ठेवत गेल्या. रांग पुढे सरकायची थांबली होती. नारळाचा दोर शेवटी तुटला आणि फांदी वर आली.

दगड आला नाही. पाप लागेल, एवढं दोघातिघांनी ऐकवलं. मागच्यांनी ढकलल्यावर रांग हलली, तो तरुणही पुढे गेला. ताट भिंतीवर ठेवलं होतं. परतताना ज्यांना आपली वस्तू ओळखू आली, त्यांनी ती कुंदाताईंकडे न बघता उचलली.

बनूबाईचा नंबर गेला होता, तरी ती थांबली. "दाव तरी," म्हणाली.

कुंदाताईंनी पुरचुंडी सोडली. आत फळ होतं. हिरवं, टोकाशी वाळलेल्या पाकळ्यांचा काळा झुबका.

"एवड्यासाठी?"

"हो."

बनूबाईनं फांदी दोन्ही हातांनी उचलून धरली. कुंदाताईंनी भेगेवर पट्टी घट्ट गुंडाळली आणि बुंध्याशी साचलेलं दूध वाहून जाईपर्यंत पाणी ओतलं. मग बनूबाई जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

पुढचे काही दिवस फांदीच्या टोकाची पानं मलूल होती. मग सावरली. फळ गळालं नाही, पण अजून पिकलेलंही नाही.