गॉगलच्या चोरीचा तपास

माझ्या फजितीचे किस्से मी चारचौघांत मीठमसाला लावून सांगतो. पण ज्या एका तपासाबद्दल मला साहेबांची शाबासकी मिळाली, तो आजही आठवला की मान खाली जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. मी नवा फौजदार. मिशी आणि अक्कल यांपैकी मिशीच तेवढी वाढलेली. शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका कारखान्याचा मालक फिर्याद घेऊन आला. कपाटातल्या दहा गॉगलपैकी एक चोरीला गेला होता. जाड काचेचे, कामगारांनी डोळ्यांवर लावायचे गॉगल. ते कपाटात का होते, हे विचारायचे मला सुचले नाही.

ठाण्यासमोरचा चहावाला माझा खबरी. तो म्हणाला, "ग्राइंडरवाल्याजवळ हाय, सायेब. म्या सोता पाह्यला."

मी दोन पंच घेऊन त्या कामगाराच्या घरी धडकलो. डबे उपडे केले, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. त्याची बायको दारातून म्हणाली, "कोठीत गॉगल लावून कोन बसते, सायेब?" पंच हसले. मी मिशीवरची धूळ झटकत तिला दम दिला.

नवऱ्याला ठाण्यात आणले. टेबलावर दोनदा काठी आपटताच तो म्हणाला, "घेतला, सायेब. कारखान्यातच हाय, ग्राइंडरखालच्या डब्यात."

"लिहा," मी हवालदारांना म्हणालो, "गॉगल मी घेतला."

"पन कायले घेतला थे आयका ना. पास घासतानी ठिणग्या डोयात जातेत. तपासनीवाले आले का मालक गॉगल देते, थे गेले का काढून घेते. काचा खराब होतेत म्हंते."

वखराची पास म्हणजे हातभर लांब पोलादी पाते. ते फिरत्या दगडावर धरले की ठिणग्यांचा फवारा उडतो. फिर्यादीनंतर कारखान्यात गेलो तेव्हा मी स्वतः तो पाहिला होता. हवालदारांची लेखणी पुढे सरकली, तशी मी हाताने थांबवली. "विचारले तेवढे झाले. अंगठा घ्या."

गॉगल डब्यात सापडला. चोरीचा माल मालकाच्याच कारखान्यात, रोजच्या कामाच्या जागी आहे, यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही. ऐटीत पंचनामा केला, गॉगल कापडात बांधला, लाखेची मोहोर मारून मुद्देमाल खोलीत ठेवला. साहेबांनी पाठ थोपटली. कामगार जामिनावर सुटला. मालकाने 'मोठ्या मनाने' त्याला त्याच ग्राइंडरवर परत घेतले, गॉगलशिवाय.

तीन आठवड्यांनी अकोल्याच्या दवाखान्यातून ठाण्याला कळवले: कामावर डोळ्यात पोलादाचा तुकडा गेला, जबाब घ्यायला यावे. नाव वाचून मी हवालदारांकडे पाहिले. ते मुद्देमाल खोलीच्या दाराकडे पाहत होते.

एस.टी.ने अकोल्याला गेलो. त्या कामगाराचा उजवा डोळा काढावा लागला होता. बायको उशाशी होती. "आता काय न्याले आले?" तिने विचारले. मी टोपी काढून हातात घेतली. तेव्हाच 'माझे चुकले' म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "जबाब घ्यायचा आहे."

तो पट्टीआडून म्हणाला, "मांगच्या बारीले अर्धाच लिवला तुमी. आता सारा लिवा."

मी स्वतःच्या हाताने चार पाने लिहिली. नक्कल कारखाना निरीक्षकांकडे पाठवली. मालकावर खटला झाला, दंड झाला. चोरीचा खटला मात्र कोर्टात पाच मिनिटेही टिकला नाही. "माल कारखान्याबाहेर गेला होता का?" मॅजिस्ट्रेटनी विचारले. मी "नाही" म्हणालो आणि सगळे कोर्ट माझ्याकडे बघत राहिले.

गॉगल कामगाराच्या डोळ्यांवर राहील हे पाहायची जबाबदारी मालकाची होती. त्याने तो कपाटात ठेवून कायद्याला फसवले. मी तर सापडलेला गॉगल पुन्हा कुलपात घातला, तोही सरकारी मोहोर मारून. दंड एकट्या मालकाला झाला.

पुढे नव्या फौजदारांना शिकवताना मी आवर्जून सांगायचो, जबाब देणारा थांबत नाही तोवर आपली लेखणी थांबवू नका. पोरे माना डोलवायची, साहेबांचा अनुभव दांडगा म्हणायची. तो अनुभव मला कोणाचा डोळा जाऊन मिळाला, हे मी त्यांना कधीच सांगितले नाही.