डावीकडे ओढणारी गाडी

लहानपणापासून घरात मला काऊनबाई म्हणायचे; काऊन म्हणजे का. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट काऊन, वांग्याच्या देठाला काटे काऊन, अशी माझी टकळी दिवसभर चालायची. आई वैतागायची, "इचं तोंड शिवून टाका कोणी!" बाबा मात्र हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचे. उत्तर ठाऊक नसलं तर म्हणायचे, "पाहू." आणि मग खरंच पाहायचे.

ही गोष्ट नव्वद सालच्या आगेमागची, मी आदिलाबादला कॉलेजात जात होते तेव्हाची. आदिलाबादला लागून मावल्याला आमचं घर आणि भाजीची वाडी, अन् दूर भीमपूरकडं, पार राज्याच्या सरहद्दीजवळ, कापसाचं वावर. बाबांनी अर्धा जन्म बैलबंडी हाकली, आणि डोकं पांढरं झाल्यावर एका व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली. चालवायलाही त्याच वयात शिकले. सुरू करायच्या आधी गाडीच्या बोनेटवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारायचे. सगळे हसायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा वावराकडे जाताना ती गाडी डावीकडे ओढत ओढत रस्ता सोडून दुसऱ्याच्या कपाशीत शिरली. बाबांना खरचटलंही नाही, पण कपाशीची एक ओळ आडवी झाली आणि त्या मालकानं असा कल्ला केला की विचारू नका.

बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "गाडी डावीकडं ओढून राह्यली."

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, चहा पीत होता. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!"

बापाला! तोंडावर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाबा हातपाय धुवायला निघून गेले, म्हणून मीही जीभ आवरली.

दादानं गाडी आदिलाबादला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं काम मनापासून केलं नाही, असं म्हणायला जागा नाही. स्टेअरिंग किती सैल फिरतं ते पाहिलं, चाकं हलवून पाहिली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाकं सरळ आहेत का तेही तपासलं. मग मोटार स्टँडला चक्कर मारून आला आणि दादाला म्हणाला, "गाडी एक नंबर है. बुजुर्ग के हाथां ढीले पड गए." दादा स्वतः ती चालवत घरी आला, अगदी सरळ. किल्ली त्यानं आपल्या खिशात टाकली. बोथ गावच्या एका माणसाशी गाडी विकायचं बोलणंही झालं, येत्या सोमवारी तो गाडी पाहायला येणार होता.

"तुमचं वय झालं बाबा," दादा म्हणाला. "कोणी मेलं असतं तं?"

त्याचंही चुकत नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र त्याचा खिसा कापावा असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले, तर बाबा पाठमोरे उभे. उजवा हात पुढं ताठ, हातात काठोकाठ भरलेला लोटा, आणि नजर लोट्यातल्या पाण्यावर. थोड्या वेळानं लोटा डाव्या हातात घेतला आणि पुन्हा तसंच. मला पाहून त्यांनी पाणी गडबडीनं तुळशीत ओतलं. हात थरथरतो का, ते पाहत होते. दादाचं बोलणं बाबांना खरं वाटायला लागलं होतं.

मी तिथंच कठड्यावर बसले. "बाबा, बंडी एकीकडं ओढत असली तं तुमी काय करत होते?"

"बैलाले मारू नये पयले," ते म्हणाले. बैलांचं निघालं की बाबांचा आवाज बदलायचा. "जोडी बदलाव. उजवा डावीकडं, डावा उजवीकडं. खोड बैलासंग गेली तं बैलाची. नाई गेली तं जू पाह्य, चाक पाह्य. थे बी नीट असन, तं मंग…" ते थांबले. "मंग हाकणारा पाहाव."

"हाकणारा बदलून पाह्यला का?"

"पाह्यला ना माय. तुया दादानं सरळ आणली."

"कुठून कुठं?"

"आदिलाबादहून घरी."

"अन् तुमच्या हातात कुठून ओढाले लागते? घरून निंगताच?"

बाबा विचारात पडले. "नाई… निंगतानी नाई. वावराच्या वाटंवरचा तलाव मांगं पडला, नाल्याचे उतार संपले, का मंग."

अग्गो माय! मी उभीच राहिले. दादानं गाडी तलावापर्यंत कधी नेलीच नव्हती. मिस्त्रीनंही नव्हती. घरापासून स्टँडपर्यंत तर बाबांच्या हातातही ती सरळच जात होती! उगाच साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि धोपटले जात होते बाबा.

रविवारी दादा झोपेतून उठायच्या आधी आम्ही बापलेकीनं जॅक लावून पुढची दोन्ही चाकं काढली आणि डावं उजवीकडे, उजवं डावीकडे बसवलं. जोडी बदलली. आता राहिला हाकणारा.

"दादा, वावरापर्यंत चालव," मी म्हटलं.

"वेड लागलं का तुले? उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"भेव वाटून राह्यलं का?"

हे औषध त्याला लहानपणापासून लागू पडत आलं होतं. चहासुद्धा न घेता तो गाडीत जाऊन बसला. मी शेजारी, बाबा मागं.

तलावापर्यंत गाडी शहाण्या पोरासारखी गेली. दादा एका हातानं चालवत होता, दुसऱ्या हाताचं कोपर खिडकीत, शीळ चालू. मी गपचूप त्याचे हात पाहत होते. मग नाल्यांचे उतार लागले. प्रत्येक उताराला त्यानं ब्रेक दाबला. शेवटचा चढ चढून वर आलो आणि शीळ थांबली. दुसरा हात खिडकीतून आत आला. पुढं समोरून एक बंडी आली, तेव्हा दादाच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

"ओढून राह्यली ना?" मी विचारलं.

"रस्ता उतरता आहे इथं. डावीकडं पाणी जावं म्हणून करतात तसं."

"तं उजव्या कडेनं चालव. तिकडं उतार उजवीकडं असन. कोणी नाई समोर."

त्यानं गाडी उजवीकडे घेतली. तरीही ती डावीकडेच ओढत राहिली. आता चाकांची जोडी वेगळी, हाकणारा वेगळा, रस्त्याची कडही वेगळी. खोड आपल्या जागी कायम!

"थांबव!" मी ओरडले. उतरून पुढच्या डाव्या चाकाच्या मधल्या लोखंडाला बोट लावलं आणि "आई गं!" म्हणून मागं ओढलं. उजव्या चाकाला लावलं, तर नुसतं कोमट. मग पाण्याच्या बाटलीतून ओंजळ घेऊन डाव्या चाकावर शिंपडली. भाकरी टाकायच्या आधी आई तव्यावर पाणी शिंपडते, तसे थेंब चर्रकन नाचले आणि उडून गेले.

ब्रेक सोडल्यावरही ते एक चाक सुटत नव्हतं. पुढं मिस्त्रीनं ब्रेकची रबरी नळी कापून दाखवली. ती आतून फुगून बुजत आली होती. पाय दाबला की तेल जोरानं चाकाकडे जायचं, पण परत यायला त्याला लवकर वाट मिळायची नाही. गावात अधूनमधून हळू ब्रेक दाबला तर तेल सावकाश परतायचं, पण उतारांवर लागोपाठ जोरात मारला की चाक धरून बसायचं. मिस्त्रीनं स्वतःचे कान पकडले, मोकळेपणानं हसला. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा रस्त्यावर आम्ही तिघं त्या चाकाभोवती उभे होतो. अंगण खरंच वाकडं होतं, हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी टपून बसलं होतं. दादाचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

बाबा वाकले, चाकाजवळ तळवा नेऊन त्याची धग घेतली. मग माझ्याकडे न पाहताच विचारलं, "म्हंजे मी नाई?"

"नाई बाबा," मी म्हणाले. रडू आलं होतं, म्हणून आवाज भांडल्यासारखा निघाला. "तुमी नाई! तुमी नव्हतेच!"

सोमवारी बोथचा माणूस आला आणि नुसता चहा पिऊन गेला. नवी नळी बसली त्या दिवशी दादानं खिशातून किल्ली काढून बाबांच्या हातात दिली. गाडीही त्यानंच पुसून ठेवली होती.

बाबांनी बोनेटवर थाप मारली आणि आम्ही दोघं वावराकडे निघालो. तलाव मागं पडला, नाल्याचे उतार संपले. पुढं सरळ, मोकळा रस्ता होता. बाबांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि छातीसमोर धरले. गाडी सरळ चालली होती.

"बाबा, समोर पाहा!" मी किंचाळले.

"पाहून राह्यलो ना माय," ते म्हणाले. पण ते आपले हातच पाहत होते.