कलकत्त्याची शिदोरी
जवस भाजल्याचा वास आला की मला चामोर्शीचं आमचं घर आठवतं, आणि दादाची शिदोरी बांधणारी माय. दादाला कलकत्त्याला नोकरी लागली होती आणि कचेरीनं नागपूरहून चक्क विमानाचं तिकीट दिलं होतं. आमच्याकडे अंतर शिदोरीवर मोजत. चांदा एका शिदोरीवर, नागपूर दोन. कलकत्ता म्हणजे जगाचं टोक, म्हणून मायनं पळसाच्या पानांत तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी अशी चार पुडकी बांधली. दादा हसला. "माय, सकाळी विमानात बसलो का जेवाच्या टायमाले कलकत्ता. एवढं कोन खाईन?" माय थबकली. "चांद्याले जाले आख्खा दिवस लागते, अन् कलकत्ता एवढं जवळ हाय?" तिनं दोन पुडकी काढून ठेवली, उरलेली दोन त्याच्या पिशवीत घातली. "ही जाताची, अन् ही वापस येताची. जवळच हाय तं भाकर खराब व्हाच्या आंधी येजो." दादाचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यानं पिशवी खांद्याला लावली. परवा मुलगी निघताना म्हणाली, "आई, विमानानं दिल्ली दोन तासांवर तर आहे, चटणी कशाला?" मी जवस भाजायला घेतले.